अनेक अटींचा फॉर्म्युला: आधी क्रम ठरवा
एका फॉर्म्युलात तीन-चार अटी आल्या की बहुतेक जण इफ (IF, अट तपासणारं फंक्शन) घेऊन त्याच्या आत आणखी इफ घालत जातात. एक्सेल ६४ पातळ्यांपर्यंत ते चालवूनही घेतं, पण दोन महिन्यांनी तो फॉर्म्युला वाचायची वेळ आली की कंस मोजण्यातच जीव जातो. त्यापेक्षा इफ्स (IFS) वापरा, ते एकाच फंक्शनमध्ये अनेक अटी ओळीने तपासतं. एक्सेल २०१९पासून पुढे आणि गूगल शीट्समध्ये ते मिळतं.

इथे सगळा खेळ क्रमाचा आहे. इफ्स पहिली खरी ठरलेली अट पकडतं आणि पुढे बघतच नाही. समजा लिहिलं:

=इफ्स(बी२>=४०,"पास",बी२>=७५,"उत्कृष्ट")

बी२मध्ये ८० असले तरी उत्तर "पास"च येणार, कारण ८० हे ४०पेक्षा मोठेच आहेत. म्हणून ७५ची अट आधी लिहा. शेवटी ट्रू (TRUE, म्हणजे कायम खरी ठरणारी अट),"नापास" जोडा, नाहीतर कुठलीच अट न जुळल्यास एरर दिसते. आणि हो, रिकामा सेल शून्य धरला जातो! गैरहजर माणूस नापास दिसू नये म्हणून बी२="" ही अट सगळ्यात आधी हवी.

दोन्ही अटी एकदम लागू हव्या असतील तर अँड (AND), त्यातली कुठलीही एक चालणार असेल तर ऑर (OR) वापरा.

अनेक अटींत बसणाऱ्या आकड्यांच्याच बेरजेसाठी सम-इफ्स (SUMIFS) उत्तम. फक्त एकाच अटीच्या सम-इफमध्ये (SUMIF) बेरजेची रेंज (ज्या सेलची बेरीज करायची तो पट्टा) शेवटी येते, सम-इफ्समध्ये ती सुरुवातीला. सगळ्या रेंज सारख्याच लांबीच्या ठेवा.

तरीही गुंता वाटला तर प्रत्येक अटीला शेजारी वेगळा कॉलम द्या. चूक कुठल्या अटीत आहे ते लगेच दिसतं.