न पाहिलेल्या ॲनिमेची यादी अशी आटोक्यात आणली

जपानमध्ये ॲनिमेचे, म्हणजे तिथल्या ॲनिमेशन मालिकांचे, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे वर्षाला चार हंगाम, आणि दर हंगामात डझनावारी नव्या मालिका. यादी वाढणारच. मी आधी बारा-तेरा भागांत संपणाऱ्या मालिका घेतल्या; अशी एक म्हणजे जेमतेम पाच तास. ‘वन पीस’ १९९९ पासून चालूच आहे, हजाराच्या वर भाग. ती यादीतून काढून जेवतानाची ठेवली.

मालवणात पावसात लाइट जाते, रेंजही. म्हणून मेअखेरीसच मालिका फोनवर उतरवून ठेवतो. जून-जुलैत मासेमारी बंद, धाकटा भाऊ घरी. पडवीत दोघं बघतो. तीन भागांत मन रमलं नाही तर नाव खोडायचं. सगळ्यात जास्त फरक या खोडण्यानेच पडला.