इंकस्केपमध्ये जुळलेल्या आकारांमधली पांढरी रेघ: माझा अनुभव

इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या रांगोळीच्या नक्षीत लाल आणि केशरी पाकळ्यांच्या तिरक्या कडा तंतोतंत जुळवूनही मध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसत होती आणि कितीही झूम केले तरी तिची जाडी तेवढीच राहत होती. स्नॅपिंग (आकार एकमेकांना आपोआप चिकटवण्याची सोय) तपासण्यात आणि नोड (आकाराच्या कडेवरचे बिंदू) पुन्हा जुळवण्यात दोन संध्याकाळी वाया गेल्या. कारण अँटी-अलायझिंगमध्ये, म्हणजे कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून कडेच्या पिक्सेलमध्ये अर्धवट रंग भरण्याच्या पद्धतीत आहे: दोन्ही आकारांनी एकाच पिक्सेलचा अर्धा अर्धा भाग व्यापला, तरी एकावर एक थर मिळून ७५ टक्केच रंग भरतो आणि उरलेल्या २५ टक्क्यांतून पार्श्वभूमी दिसते.

म्हणून सर्व पाकळ्या निवडून कंट्रोल-डीने त्यांची प्रत काढली, पाथ मेनूतील युनियनने ती एकसंध केली, तिला लाल रंग दिला, इनसेटने तिची कड किंचित आत घेतली (नाहीतर केशरी पाकळ्यांच्या बाहेर लाल किनार उमटते) आणि एंड कळ दाबून ती सर्वांत खाली पाठवली. रेघ नाहीशी झाली.