भिंतीला गडद निळा द्यायचाय? मग आधी हे वाचा

हॉलची एक तरी भिंत नेव्ही ब्लू करावी असं खूप जणांच्या मनात असतं, पण घर अंधारं होईल या भीतीने शेवटी परत तोच ऑफ-व्हाइट मारला जातो. माझं म्हणणं, बिनधास्त करा, फक्त भिंत नीट निवडा. ज्या भिंतीत खिडकी आहे ती नको, उजेडाच्या शेजारी ती अजूनच काळी वाटते. खिडकीचा उजेड जिच्यावर पडतो ती घ्या आणि छत पांढरंच ठेवा.

शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर जाऊ नका. रंगाचा लहान डबा आणा, मोठ्या कार्डशीटला दोन हात मारा आणि ती भिंतीला चिकटवून सकाळी, दुपारी, रात्री लाइट लावून बघा. आम्ही निवडलेला शेड दुपारी मस्त शाईसारखा निळा दिसायचा आणि रात्री ट्यूबलाइटखाली चक्क काळा, म्हणून एक शेड फिकट घेतला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ओल. पांढऱ्या भिंतीवर ओलीचे पांढरे क्षार फुलले तरी पटकन कळत नाही, निळ्यावर मात्र मीठ सांडल्यासारखं दिसतं. त्यामुळे पावसाळ्यात आणि तो संपल्या संपल्या काम काढू नका, दिवाळीची कितीही घाई असली तरी. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला एक दिवस चिकटवून ठेवा, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, आधी गळती शोधा.

भिंत कोरडी असेल तर लांबी (पुट्टी) भरून घासून घ्या, मग बाजूने टॉर्च मारून बघा, सगळे खड्डे उघडे पडतात. फिनिश शक्यतो मॅटच घ्या, चकचकीत गडद रंगात लांबीची प्रत्येक लाट दिसते. मॅटवर हाताचे डाग पडतात हे खरं, म्हणून स्विचबोर्डच्या आणि पॅसेजच्या भिंतीला तो नको. प्रायमर पांढरा न मारता दुकानातून ग्रे टिंट करून घ्या, निळा लवकर झाकतो.

गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे दुकानदार ज्यात रंग मिसळून शेड बनवतो त्या मूळ पेंटमध्ये, पांढरं पिगमेंट फार कमी असतं, म्हणून पहिला हात मारल्यावर भिंत विटक्या जीन्ससारखी ठिगळाठिगळांची दिसते. घाबरू नका, पेंटरलाही तिथे थांबू देऊ नका, तीन हात लागतातच. 10 बाय 10 ची भिंत म्हणजे 100 चौरस फूट, तीन हातांचे 300, त्यासाठी 4 लिटरचा एकच डबा घ्या. दोन डबे लागले तर आधी बादलीत एकत्र करा, नाहीतर टिंटिंगमधला बारीक फरकही भिंतीवर दिसतो. पंखा बंद ठेवा, कडेचा ब्रश आणि रोलर पाठोपाठ चालवा आणि भिंत अर्धी सोडून चहाला उठू नका, वाळलेल्या कडेवर परत रोलर फिरला की पट्टा उमटतो. कडांना टेप लावला असेल तर शेवटचा हात थोडा ओला असतानाच तो काढा.

नंतर पिवळसर लाइट, सागवानी फर्निचर आणि पितळेची एखादी समई समोर ठेवून बघा, पितळ निळ्यापुढे जसं उठतं तसं पांढऱ्यापुढे कधीच उठत नाही. उरलेल्या रंगाच्या डब्यावर शेड नंबर आणि तारीख मार्करने लिहून ठेवा, सोफा सरकवताना पहिला ओरखडा पडेल तेव्हा लागेल.