गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नका

पहाटे स्वयंपाकघरात पाऊल टाकताच गॅसचा वास आला, तर सवयीने दिव्याच्या बटणाकडे जाणारा हात आधी आवरावा, कारण बटण चालू किंवा बंद करताना आत उडणारी बारीकशी ठिणगीही साठलेला गॅस पेटवायला पुरेशी असते. एक्झॉस्ट पंखाही लावू नये. देवापुढे निरांजन किंवा उदबत्ती असेल, तर ती शांत करावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली साचून राहतो, म्हणून केवळ खिडकी उघडून भागत नाही, दारेही सताड उघडावी लागतात. रेग्युलेटर बंद करून काढावा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीला लटकणारी सुरक्षा टोपी घट्ट बसवावी. ही टोपी अनेक घरांत कापून फेकली जाते, तसे कृपया करू नका. सर्वांना बाहेर नेल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा, आग लागल्यास १०१ वर.

शेगडीची रबरी नळी ५ वर्षांनी बदलावी. मधूनमधून तिच्या दोन्ही टोकांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती कधीही तपासू नये.