रूमवर स्वयंपाक करताय? मग निदान या चुका तरी टाळा

जून-जुलै आला की आमच्या कर्वेनगरात सामानाचे टेम्पो दिसायला लागतात. गाद्या, बादल्या, टेबलफॅन आणि पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर लाडवांचा डबा. नवीन पोरं-पोरी येतात, पहिले काही दिवस हौसेने स्वयंपाक करतात, स्टेटसला फोटो टाकतात, मग कंटाळतात, मग मेस लावतात, मग मेसचाही कंटाळा येतो आणि दिवाळीला घरी जाऊन सांगतात की पुण्यात खायलाच सगळे पैसे जातात. पुणं महाग आहेच, पण विकत आणलेलं किती सामान कचऱ्याच्या बादलीत जातं हेही मी बघत आलेय. मला बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरी ताई म्हणतात आणि सामान खराब झालं की मगच विचारायला येतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतेय.

आईची यादी घेऊन दुकानात जाऊ नका

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि करतात सगळे. आईची यादी म्हणजे पाच माणसांची, महिन्याची, घरात फ्रिज आहे, कोरडे डबे आहेत, रोज दोन वेळा चूल पेटते अशा घराची. तुमच्याकडे यातलं काहीच नसतं.

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये तीन मुली आल्या होत्या, फर्स्ट इयरच्या. एकीचे बाबा गाडी घेऊन सोडायला आलेले, त्यांनी एकदाच काय ते भरून देऊ म्हणून मोठ्या मार्टमधून सगळं आणलं. दहा किलो आटा, पाच किलो तांदूळ, दोन किलो रवा, बेसन, पाच लिटरचा तेलाचा कॅन. काकांचा हेतू चांगला होता, किलोमागे पैसेही वाचले असतील. पण कॉलेज सकाळचं, दुपारी कँटीन, संध्याकाळी दमून आल्यावर पोळ्या लाटणार कोण? सगळं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच, बांधून ओट्याखाली, आणि ओट्याखाली सिंकचा पाइप. त्यात पुण्याचा पाऊस. ऑगस्टमध्ये एक दिवस त्यातली एक खाली आली आणि म्हणाली, ताई, रवा हलतोय.

वर जाऊन बघितलं तर खरंच हलत होता. रव्याला जाळ्या धरलेल्या, गुठळ्या लोंबत होत्या, तांदळात काळे किडे आणि आट्याला कडवट वास. मग यांनी मोबाइलवर बघून ठरवलं की उन्हात घालायचं. ऑगस्टमध्ये! गच्चीवर पेपर पसरून रवा घातला, किडे पेपरवरून चालत कठड्याकडे निघाले, आणि अर्ध्या तासात सर आली. बेसन आणि आटाही गेला, वाचला फक्त तांदूळ, तोही मी निवडून चाळून दिला म्हणून.

तर माझी पद्धत अशी. तांदूळ एका माणसाला दोन किलो पुरे, डाळी अर्धा-अर्धा किलो, रवा-बेसन-पोहे पाव किंवा अर्धा किलो, आणि तेही कोपऱ्यावरच्या वाण्याकडून सुटं. किलोला चार-पाच रुपये जास्त पडतील, पडू देत. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या बरणीत. भाजलेल्या रव्याचा उपमा सकाळी दहा मिनिटांत होतो हा वरचा फायदा. पावसाळ्यात आटा दोन किलोच्या वर घरात नको. तांदळाला एरंडेल चोळून ठेवतात आमच्याकडे, तेही चालतं, फक्त धुताना नीट धुवा. हे सगळं सांगितलं की पोरी म्हणतात, "पण ताई, मोठं पाकीट स्वस्त पडतं ना." खाल्लं तर!

राजमा, आणि एकूणच धीर नसणं

दुसरी माझी खास चीड. खालच्या मजल्यावर पीजी आहे, तिथे एका मुलीने राजमा संध्याकाळी सातला गरम पाण्यात भिजवला, तासाभराने इलेक्ट्रिक केटलमध्ये उकळायला घेतला. केटल पाणी उकळलं की बंद पडते, कारण वाफ आतल्या सेन्सरपर्यंत गेली की तो कट मारतो. मग यांची आयडिया काय, तर झाकण चमच्याने उघडं धरायचं म्हणजे वाफ बाहेर जाते आणि केटल चालू राहते. आळीपाळीने चमचा धरून बसल्या. वरून साल मऊ, आत खडूसारखा दाणा. भूक लागलेली, मसाला टाकला, पावाबरोबर खाल्ला. दोन तासांत उलट्या सुरू, मग जुलाब, मध्यरात्री रिक्षा करून दवाखाना. जे बिल झालं त्यात महिन्याची मेस आली असती, आणि मालकिणीने दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या केटल्या जमा केल्या ते वेगळंच.

त्यांना वाटलं राजमा खराब होता. राजमा चांगला होता, कच्चा होता. लाल राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, ते जायला आधी निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळी यावी लागते, किमान दहा मिनिटं, आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचा. नुसत्या कमी आचेवर अर्धवट गरम केलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. रात्रभर भिजवा, कुकरला लावा, बोटाने दाबून दाण्याचं पीठ झालं तरच खा. आणि टोमॅटो, चिंच, आमसूल काहीही आंबट असेल तर कडधान्य शिजल्यावरच घाला, आधी घातलं की दाणा मऊ व्हायचं नावच घेत नाही, मग वाण्याला शिव्या घालता.

खरं सांगू का, ज्याला भिजवायचं लक्षात राहत नाही त्याने राजमा-छोल्यांच्या नादी लागूच नये. मुगाची डाळ आणा. भिजवायची गरज नाही, पचायला हलकी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगडाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ, तीन शिट्ट्या, वरून तूप आणि मेतकूट. कुकर डाळ-तांदळाला अर्ध्याच्या वर भरू नका, फेस येऊन शिट्टीत अडकतो, आणि वाफ जायच्या आधी झाकण उपटायचं नाही. पाण्याखाली धरून घाईने उघडणाऱ्या मुली मी बघितल्यात, माझ्यासमोर कुणी केलं तर ओरडते.

अजून सोपं म्हणजे पिठलं. अर्धी वाटी बेसन गार पाण्यात आधी कालवून घ्या, डायरेक्ट कढईत पीठ टाकलं की गुठळ्या होणारच. मोहरी, जिरं, लसूण, मिरची, कांदा, मग ते कालवलेलं बेसन आणि एकूण दोन वाट्या पाणी, ढवळत राहा, घट्ट झालं की झाकण ठेवून एक चांगली वाफ. झालं. हे येत नाही आणि पास्ता येतो अशी पिढी आहे आता.

पोळ्यांचा हट्ट सोडा

रूमवर एकट्यासाठी कणीक मळून चार पोळ्या लाटणं हे कॉलेजच्या पहिल्या वर्षी कुणालाही रोज जमत नाही. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून फक्त पोळ्या घ्या, भाजी-आमटी घरी करा. जेवणात वेळ खातात त्या पोळ्या आणि बाहेर महाग पडते ती भाजी, म्हणून वाटणी अशी करायची. उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा, कांदा-शेंगदाणे घालून. नाश्त्याचा प्रश्न मिटला.

भाजीबद्दल. भाव ऐकून लगेच पिशवी पुढे करू नका. "वीस रुपये, वीस रुपये" हे ओरडणं पुण्यात बहुतेक वेळा पाव किलोचं असतं, किलोचं नाही, आणि नवीन पोरं किलो घ्या म्हणतात आणि ऐंशी ऐकल्यावर लाजून देऊन टाकतात. विचारा, पावाचा का किलोचा. लाजायचं काय त्यात. संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजी स्वस्त मिळते, पण ती त्याच रात्री करायची, उद्यावर टाकली की पाणी सुटतं. स्वस्त मिळतं म्हणून कुणी एकटं गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊ नका, तिथला भाव मोठ्या मापाचा, आणि येण्याजाण्याची रिक्षा धरली तर तुमची मेथी सोन्याच्या भावाने पडते. चार-पाच रूम मिळून जात असाल तर गोष्ट वेगळी.

कांदे-बटाटे एका पिशवीत नको, दोन्ही लवकर खराब होतात. कांदा टोपलीत, हवेशीर.

बाकी पटपट सांगते, कारण यावर बोलण्यासारखं फार नाही, ऐकत कुणी नाही एवढंच.

ऑफर बघताना पाकिटावर एमआरपीजवळ दर ग्रॅमची किंवा मिलीची किंमत छापलेली असते, ती बघा. तेलात तर हमखास फसतात. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, शेजारी त्याच उंचीचं कमी ग्रॅमचं पाकीट दहा रुपयांनी स्वस्त दिसतं आणि तेच उचलतात.

दहा मिनिटांत घरपोच वाली ॲप्स. कोथिंबीर मागवायची, मग डिलिव्हरी चार्ज वाचवायला चिप्स आणि चॉकलेट टाकायचं. वाणी खाली आहे, जिना उतरा.

इंडक्शन घेताना आधी हॉस्टेलला चालतो का विचारा, आणि भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं का बघा. घरून आणलेला जुना ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. गॅस हवा असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर गॅस एजन्सीत नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत भरून देतात ते मात्र कितीही स्वस्त असलं तरी नको, एकदम नको.

फ्रिज नसेल तर भात एका वेळेचाच लावा. रात्रीचा भात उन्हाळ्यात कुकरमध्ये तसाच ठेवून सकाळी फोडणी देतात, आणि परत गरम केला ना मग काय होतंय असं वर मलाच सांगतात. भातात राहिलेल्या जिवाणूंनी रात्रभरात तयार केलेलं एक विष गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात मलाही आवडतो, पण तो फ्रिजवाल्यांनी करावा. दुधाचंही तेच, अर्ध्या लिटरची पिशवी आणा, तापवा, त्या दिवशी संपवा.

जिमला जाणारे लगेच महागडी पावडर आणतात. अरे, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रोटीन आहे, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीसच्या आसपास, आणि सोया चंक्समध्ये, कोरडे मोजले तर, पन्नासच्या पुढे. सोया गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा, तो उग्र वास त्या पाण्यात जातो, मग भुर्जीसारखा कांदा-टोमॅटोवर परता. पिळत नाहीत आणि म्हणतात आवडत नाही.

राहता राहिला पार्टनरशिपचा हिशोब. सगळं कॉमन ठेवलं की दुसऱ्या महिन्यात भांडण ठरलेलं, कारण एक घरी जेवते आणि दुसरी बाहेर. मीठ, तेल, फोडणीचं सामान आणि गॅस कॉमन, डाळ-तांदूळ ज्याचे त्याचे, आणि अंडी तर नक्कीच आपापली, ट्रेवर पेनाने नावं घातली तरी चालतील. चहा-साखर कॉमनमध्ये घालायची की नाही यावर मी काही बोलत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट त्यावरूनच रिकामा झालाय.