नवी टीपी स्कीम आखताना या चुका टाळा

बडोद्याच्या कडेला नवी टीपी स्कीम (नगररचना योजना, म्हणजे शेतजमिनी एकत्र करून रस्ते आणि प्लॉट नव्यानं पाडणं) आखायला बसलं की पहिली रेघ ओढली जाते ती रस्त्याची. ती पाण्याची हवी.

उन्हाळ्यात कांस, म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा ओढा, कोरडी दिसते. मग ‘काँक्रीटच्या बंद बॉक्समध्ये घालू, वर रस्ता काढू’ असं ठरतं. जरा आकडे मांडून बघा. १०० हेक्टर शेतजमीन, तासाला ६० मिमी पाऊस आणि ०.३ अपवाह गुणांक (पावसातला न मुरता वाहून जाणारा वाटा) धरला, तर सेकंदाला ५ घनमीटर पाणी येतं. तिथे छपरं आणि डांबर आलं की गुणांक ०.७ होतो आणि पाणी ११.७ घनमीटर. २ मीटर रुंद, दीड मीटर उंच बॉक्स तुडुंब भरून सेकंदाला २ मीटर वेगानं वाहिला तरी ६ घनमीटरच नेतो. गाळ साचला की त्याहून कमी. उरलेलं पाणी तासाभरात २० हजार घनमीटर होतं. म्हणजे एक हेक्टरचं, दोन मीटर खोल तळं. या तळ्याचा फायनल प्लॉट (स्कीममध्ये नव्यानं आखलेला प्लॉट) सगळ्यात सखल कोपऱ्यात, बाकीचे प्लॉट पाडण्याआधी राखून ठेवा. मागाहून जागा मिळत नाही.

हा हिशेबही नदी खाली असतानाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. नदी इतकी चढली की कांसेचं तोंड बुडतं आणि पाणी उलटं वस्तीत शिरतं. तेव्हा बॉक्स केवढाही असो, उपयोग शून्य. म्हणून कांस उघडी ठेवा, दोन्ही काठ मोकळे सोडा.

उपग्रहाच्या फुकट उंचीनकाशावर लेआउट पाडणाऱ्यांची घाई मला मुळीच पटत नाही. इथल्या सपाट जमिनीत त्या नकाशाची चूकच उतारापेक्षा मोठी असते. जागेवर उंची मोजून अर्ध्या मीटरचे कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) काढा. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जागेवर जा, खांबांवर आणि कुंपणांवर गाळाची रेघ शोधा. बांधावरच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ‘काका, पाणी कुठवर येतं?’ एवढं विचारा. मी नकाशा उघडतो तो यानंतरच.

दुसरी चूक भरावाची. नवी सोसायटी मीटरभर माती टाकून वर येते आणि तिचं पाणी शेजारच्या जुन्या गावठाणात उतरतं. पुढे रस्त्यावर दर वेळी ४०-५० मिमीचा नवा थर चढतो, जुना कुणी खरवडत नाही. काही वर्षांत ओटे रस्त्याखाली. प्लिंथची (घराच्या जोत्याची) पातळी प्लॉटगणिक नव्हे, अख्ख्या स्कीमची एकदाच ठरवा आणि नवा थर टाकण्याआधी जुना खरवडायची अट टेंडरमध्येच घाला.

पावसाचं पाणी मुरवायला काळ्या मातीत उथळ शोषखड्डा निरुपयोगी. बोअर खालच्या वाळूपर्यंत न्या, आधी गाळ बसायची टाकी बांधा.

फुटपाथ १.८ मीटर मोकळा हवा. झाडं, खांब त्याबाहेर.

गटार, पाणी, केबलचे पाइप रस्त्याच्या काँक्रीटच्या आधी टाका. चौकाचौकात दोन रिकामे पाइप जास्तीचे ठेवा.