पोरांना इतिहास वाचायला लावायचाय? मग जाडजूड पुस्तक नको, एक पत्र द्या

आठवी-नववीतल्या पोराच्या हातात हजार पानांची कादंबरी ठेवली की ती कपाटावर जाते आणि पोरगं परत रील्सवर, तिथे कोणीतरी ओरडून इतिहास सांगत असतो आणि खाली कमेंटमध्ये आईबहिणीचा उद्धार चाललेला असतो. लेक्चर देऊन काही होत नाही, पालथ्या घड्यावर पाणी.

त्यापेक्षा शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र शोधा, नेटवर सहज मिळतं. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमाराचं आहे, पावसाळ्यासाठी घोडदळ तिथे मुक्कामाला होतं. पान-दीड पानाचंच आहे. आधी तुम्ही मोठ्याने वाचा कारण भाषा जुनी आहे, फारसी शब्द बरेच येतात, अडेल तिथे थांबा आणि अर्थ दोघं मिळून लावा, सगळं कळलंच पाहिजे असं काही नाही.

पोरं अडकतात ती उंदरावर. महाराज लिहितात की रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, मग पावसाळाभर घोड्यांना खायला काय घालणार? म्हणजे राज्याभिषेकाच्या धामधुमीतला राजा उंदराचा विचार करतोय! इथे पोराला विचारा की यांना हे का लिहावं लागलं असेल. आणि मग गप्प बसा, उत्तर त्याला देऊ द्या.

पुढचा भाग कुणब्यांचा. दाणा-वैरण जपून वापरा, लागेल ते बाजारातून विकत आणा, रयतेकडून ओरबाडू नका, नाहीतर लोक म्हणतील याहून मोगल बरे. पत्र कडक आहे, गोड गोड अजिबात नाही, पण प्रत्येक हुकमाला कारण दिलंय. बोलण्याच्या पद्धतीचा विषय काढायचा तर इथेच काढा, की रागावायचं असेल तर असं रागावता येतं. आणि हो, आपण स्वतः सिग्नलवर समोरच्याला काय बोलतो आणि वॉचमनकाकांना अरे म्हणतो की अहो, ते पोरं बरोबर टिपतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची ते बघा.

वाद घालायला शिकवायचं असेल तर महाराजांच्या जन्मतारखेचा विषय घ्या. आधी १६२७ हे साल मानायचे, मग जेधे शकावली (जेधे घराण्याकडची जुन्या घटनांची तारीखवार नोंद) पुढे आली, तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया आहे, त्यावरून अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली, तरी तिथीने जयंती करणारे आजही आहेतच. घरात दोन बाजू करा. नियम एकच, आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दात नीट सांगायचं, त्याने हो म्हटलं की मगच आपला मुद्दा आणि त्याचा पुरावा. पहिल्यांदा कंटाळतात, नंतर तेच आपल्याला फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डचा पुरावा मागायला लागतात (तयारी ठेवा, मामांच्या मेसेजवर पण मागतील, तिथे फक्त भाषा अदबीची हवी एवढं बघा).

किल्ल्यावर नेणार असाल तर जायच्या आधी त्या किल्ल्याबद्दल दोन-चार पानं वाचून जा, उलटं केलं की नुसते सेल्फी होतात.

इतिहासाची आवडच नसेल तर जबरदस्ती नको, क्रिकेटचं वाचू दे, भुताचं वाचू दे. पाचगणीजवळचं भिलार बघा, २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरांत पुस्तकं ठेवलीत, कुठेही बसून फुकट वाचायचं. थंडीत जा, स्ट्रॉबेरीचा सीझन असतो, पोरं यायला लगेच तयार होतात.